नवीन एमडी झालोय, मिटिंगमध्ये सगळे "चालू आहे साहेब" म्हणतात

गोड_माणूस:
22 वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काढली. चीफ केमिस्ट होतो, यंदा मोळी टाकायच्या, म्हणजे गाळप हंगाम सुरू व्हायच्या आधी संचालक मंडळाने कार्यकारी संचालक केलं. कारखाना सहकारी, रोजचं गाळप 5000 टनांचं. परवा ते 4100 वर आलं. चीफ इंजिनिअर म्हणाले ऊस नव्हता. शेतकी अधिकारी म्हणाले यार्डात दीडशे गाड्या उभ्या होत्या, मिलच बंद होती. दोघंही माझ्यासमोर बसून, अगदी शांतपणे. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर टपरीवर चहा प्यायचो, ते आता मी आलो की गप्प होतात. चेअरमनना गावातून आधी कळतं, मला त्यांच्या फोनवरून. काय करावं?

जुना_खोडवा:
मीही लॅबमधूनच वर आलो, आता निवृत्त आहे. पहिल्या हंगामात मीच माती खाल्ली. रात्रपाळीच्या इंजिनिअरने मिलचं बेअरिंग तापतंय म्हणून सांगितलं, तर मी सगळ्यांदेखत विचारलं, "दिवसा काय झोपला होता?" त्यानंतर महिनाभर आमच्याकडे एकही बेअरिंग तापलं नाही. मग एक दिवस मिलच अकरा तास बंद.

"सगळं ठीक ना?" हे विचारणं सोडा. यार्डातली सगळ्यात जुनी गाडी किती वाजताची, ते विचारा. आणि रात्री तीनला स्वतः जा, जीप न घेता. जीप फाटकातून आत आली की सगळे जागे होतात. मी एका बैलगाडीवाल्याचं टोकन बघितलं होतं. संध्याकाळी सहाचं टोकन, वाजले होते साडेतीन, बैल सोडलेले, गडी गाडीखाली झोपलेला. मिटिंगमध्ये त्याच दिवशी "यार्ड क्लिअर".

मिल थांबली ती "नो केन" (ऊस नाही) की "मेकॅनिकल" (मशिनचा बिघाड), हे भांडण दोन खात्यांच्या दोन वह्यांमुळे होतं. मी गव्हाणीवर, म्हणजे मिलसाठी ऊस टाकतात तिथे, एकच वही ठेवली. मिल थांबली की वेळ लिहायची, दोन्ही खात्यांच्या शिफ्टवाल्यांनी तिथल्या तिथे सही करायची. आठ दिवस शिव्या खाल्ल्या.

शिळ्या उसाचं तुम्हाला काय सांगायचं! उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) 0.1 टक्का जरी घसरला तरी 5000 टनांवर रोज 50 क्विंटल साखर गेली. 2019 चा किलोला 31 रुपयांचा किमान विक्री दर धरला तरी दीड लाखाच्या वर. हा हिशेब मिटिंगमध्ये मांडा, नाव कोणाचंच घेऊ नका.

आणि चेअरमनना वाईट बातमी तुम्हीच आधी द्या, पहाटे पाच वाजले असले तरी. शेतकऱ्याचं ऊसबिल 14 दिवसांत गेलं नाही की 15 टक्के व्याज लागतं. पैसे कमी पडणार हे अकराव्या दिवशी सांगितलंत तर बँकेत धावपळ तरी करता येते.

शेतकी_गट_नं_4:
मी स्लिपबॉय आहे, गटात ऊसतोडीच्या स्लिपा देतो, राग मानू नका. आम्ही खोटं बोलत नाही, गोलगोल बोलतो. क्रमपाळी (कोणाचा ऊस कधी तोडायचा तो नंबर) लागलेली असते, तेवढ्यात वरून चिठ्ठी येते, अमक्याचा ऊस आधी तोडा. ऊसतोड टोळी तिकडे वळते. नंबरातला शेतकरी आमच्या घरी येऊन शिव्या घालतो. मग साहेब विचारतात, या गटात टोळ्या कमी का? चिठ्ठी तुमच्याच केबिनमधून आली, असं तोंडावर कसं सांगायचं?

जुना_खोडवा:
हे मी लिहायला हवं होतं. माझ्याही सहीच्या गेल्यात तसल्या चिठ्ठ्या.

गोड_माणूस:
काल रात्री मोटरसायकलवर गेलो. सगळ्यात जुनं टोकन दुपारी दोनचं निघालं. लॅबमध्ये डोकावलो तर शिफ्ट केमिस्ट, माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा, उठून उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना. सकाळी चिठ्ठ्या मागवून घेतल्या. या आठवड्यात नऊ गेल्यात, त्यातल्या दोनांवर सही माझी आहे.