पळणं, चढणं, भिंतीवरून उड्या: कुणीकुणी सुरू केलंय? (अनुभव धागा)

टेकडीवरची मनी

काल सोसायटीमागच्या बागेत चार पोरं कठड्यावर हात टेकून पलीकडे उड्या टाकत होती. पार्कूर म्हणे, वाटेतले अडथळे उड्या मारत, चढत पार करायचा व्यायाम. मी भाजीची पिशवी घेऊन बघत उभी. एकदम आमचा वाडा आठवला. शेजारच्या अंगणात जायला दारही असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं, सगळी ये-जा भिंतीवरून. परकर खिळ्याला अडकून फाटला की आईचा धपाटा ठरलेला.

वय ४७. ट्रेडमिलचा मला भयंकर कंटाळा, भिंतीकडे बघत किती चालणार? त्यामुळे आलटून पालटून चालू असतं. कधी दोरीवरच्या उड्या, कधी सायकल, रविवारी पोहणं, आणि पर्वती. १०३ पायऱ्या पूर्वी मध्ये थांबत थांबत व्हायच्या. आता वर पोचल्यावर लगेच फोनवर बोलता येतं (नवऱ्याच्या मते हा तोटा आहे).

तर त्या पोरांना म्हटलं, मला पण शिकवा. एकाने फुटपाथच्या कडेवर उभं केलं. वीतभर उंची. "काकू, खाली उडी मारा, पण आवाज नाही आला पाहिजे." आधी चवडे, मग टाच अलगद, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकायचे, आत पडायचे नाहीत. धप्प आवाज आला की परत. घरी आले तर मांड्या अशा भरून आल्या होत्या की कमोडवर बसताना देव आठवला.

तुमचं काय काय चालू आहे? लिहा.

चकलीसाचा

काकू म्हणाला? मग व्यायाम वाढवायलाच हवा :) पहिला नंबर माझा.

डबलबार

वय ३८, मुंबई, कोचकडे जातो. सुरुवातीला उडी मारूच दिली नाही. नुसतं हातापायांवर रांगायचं, गुडघे जमिनीच्या बोटभर वर ठेवून. पार्किंगच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा आणि मग उलटं, मागे मागे या. मी हाफ मॅरेथॉन पळणारा माणूस, डोळ्यांपुढे काजवे चमकले. पळून दम वाढला होता, पण खांदे आणि मनगटं कधी कामाला लावलीच नव्हती.

मग कोलांटी. शाळेतली नव्हे, ती डोक्यावरून सरळ जाते. ही तिरकी, उजव्या खांद्यावरून डाव्या कुल्ल्याकडे. डोकं टेकत नाही, मणका सरळ जमिनीवर येत नाही. गवतावर ओणवं बसून सुरू करायची. नीट जमलीय की नाही ते सांगायला दुसऱ्या दिवशीची पाठ असतेच. कुठे हाड टेकलं तिथे बरोबर दुखतं.

सध्या गाडी सेफ्टी व्हॉल्टवर आहे. कमरेएवढी भिंत, एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय भिंतीवर, दुसरा पाय मधल्या फटीतून पलीकडे. दिसायला सोपं. डाव्या बाजूने केलं की मेंदू संपावर जातो.

रानपाखरू

नीकॅप घालून पळावं का? आईला विचारायचंय.

फिजिओ बोलतेय

@रानपाखरू, आईंचं वय, वजन, दुखतं कुठे, काही न सांगता कसं सांगू? कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवा.

बाकीच्यांसाठी. दम वाढायला थोडे आठवडे पुरतात, कंडरा (टेंडन) तयार व्हायला काही महिने जातात. घोळ इथेच होतो. छाती म्हणते अजून चल, आणि टाचेच्या वरची कंडरा मागेच राहिलेली असते. म्हणून मनीताईंसारखी अदलाबदल बरी. पोहताना गुडघ्यांना विसावा, सायकलवर आपटणं नाही, दोरीला पोटऱ्या तयार होतात. वेग किती? बोलता येतंय पण गाता येत नाही, हा मध्यम. दोन-तीन शब्दांवर श्वास घ्यावा लागला तर जोराचा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला मध्यम व्यायाम निदान १५० मिनिटं सांगते, जोराचा असेल तर ७५. उड्या यात मोजू नका, त्या वेगळ्या आणि थोड्याच. दमल्यावर तर नकोतच. आधी उड्या, मग पळणं.

पेशंट आला, पळते.

चकलीसाचा

पळते! बघा, यांचं कार्डिओ चालूच.

सेन नदीकाठ

मी पॅरिसच्या दक्षिणेला राहते. लिस इथून जवळ, पार्कूरचा जन्म तिथलाच. तो सुरू करणारे डेव्हिड बेल आणि त्याचे मित्र त्या भागातच सराव करायचे, १९९७ मध्ये त्यांच्या गटाला यामाकासी नाव पडलं. गाव बघून विश्वास बसत नाही. साधी उपनगरी घरं, शाळा, तळं आणि तळ्याकाठी चढायला म्हणून उभारलेलं एक शिल्प, 'दाम द्यू लाक'. ती पोरं त्यावरच चढायची. आता चढायला मनाई आहे, तरी जगभरातून लोक येऊन फोटो काढून जातात.

त्या डेव्हिडचे वडील पॅरिसच्या अग्निशमन दलात. आणि मूळ धडे त्याही आधीचे. जॉर्ज एबेर नावाचा फ्रेंच नौदल अधिकारी, १९०२ साली मार्टिनिकला माँ पेले ज्वालामुखी फुटला तेव्हा तिथल्या बचावकामात होता. पुढे त्याने चालणं, पळणं, चढणं, तोल सांभाळणं, उचलणं, पोहणं असा सगळा मिळून व्यायाम बसवला. बलवान हो, म्हणजे उपयोगी पडशील, हे त्याचं ब्रीद.

मी स्वतः काय करते? ट्राम पकडते, धावत.

वऱ्हाडी ठेचा

उपयोगी पड म्हणते? आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात हेच सांगत होते भाऊ. पोरं १९३६ ले बर्लिन ऑलिम्पिकमधी खेळ दाखवून आली. मल्लखांबावर एरंडेल लावून चढाचं, अन् पडलो त कसं पडाचं हे पयले शिकवत. आता पोट असं आलं हाय का मल्लखांबच मले भेऊ लागला. सकाळी वडाळी तलावाकडं सायकल, येताना पोहे. पोहे काई सुटत नाई.

पोलवाली

मी शाळेत खो-खो खेळायचे, खांबावर सूर मारण्यात पटाईत. कोपरं, ढोपरं सोललेली, वर हळद. आता तीस वर्षांनी मुलीबरोबर व्हॉल्टचा क्लास लावलाय आणि मजा म्हणजे पडायची भीती मला नाही, तिला आहे. ती मांजरीसारखी भिंतीच्या कडेवर बसून राहते, अर्धा तास. कोच काही बोलत नाही, नुसता अजून बुटकी भिंत दाखवतो. मग उतरते.

सहावा थर

गुरुपौर्णिमेपासून दहीहंडीचा सराव, सगळं कार्डिओ त्यातच. खालच्या थराला मोजतच नाहीत लोक. खांद्यावर माणूस घेऊन नुसतं उभं राहून बघा.

डबलबार

@सहावा थर, दंडवत. कुठलं पथक?

सहावा थर

इथे नाही सांगणार, बॉस इथेच असतो :)

टेकडीवरची मनी

मस्त लिहिताय सगळे! इकडे नवीन लफडं. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, 'कठड्यावर उड्या मारण्यास सक्त मनाई, ज्येष्ठ सदस्यांनी तरी भान ठेवावे.' ज्येष्ठ म्हणजे मी!! वॉचमनकाका मात्र आपल्या बाजूने. म्हणाले, मॅडम, पहाटे साडेपाचला या, तेव्हा सेक्रेटरी झोपलेले असतात.

चकलीसाचा

ज्येष्ठ. काकूपेक्षा बढती मिळाली.

फिजिओ बोलतेय

पहाटे या दिवसांत दगड ओला असतो हां. शेवाळाचा हिरवा पट्टा दिसला की ती भिंत सोडा. चालत टेकडी करा सरळ. आणि हाताने खडबडीतपणा तपासल्याशिवाय कुठल्याच कठड्यावर भार नको, जुन्या कठड्यांच्या वरच्या फरश्या सुटलेल्या असतात.

रानपाखरू

आईचं वय ६२. वजन विचारलं तर मारेल.

पोलवाली

@रानपाखरू, त्यांना पोहायला पाठव गं. आमच्याकडे सकाळी बायकांची बॅच असते, निम्मा वेळ पाण्यात उभं राहून गप्पाच असतात, पण निदान जातात तरी.

वऱ्हाडी ठेचा

बूट कोणते घेता तुमी उड्याले?

डबलबार

पातळ, सपाट तळाचे, रबराची पकड चांगली असलेले. पळायच्या बुटाची जाड गादी नको, खालचा कठडा पायाला कळत नाही. फार महाग घेऊ नका, भिंतीवर घासून लवकर जातात.

टेकडीवरची मनी

रविवारी तळजाई टेकडीवर कोण कोण येतंय? पाऊस नसेल तर. उड्या ऐच्छिक, चढ सक्तीचा. मी मोकळ भाजणी आणते.

चकलीसाचा

भाजणी म्हटल्यावर आलोच. दही कोण आणतंय?

वऱ्हाडी ठेचा

अमरावतीहून सायकलनं निघू का? भाजणी उरन का तवरोक?