पावसाळ्यात रेझिन ओतताना

वर विचारलंय की इस्रोच्या पीएसएलव्ही-एक्सएल रॉकेटच्या १:७२ मॉडेलचे बूस्टर (बाजूची छोटी रॉकेटं) रत्नागिरीत जुलैमध्ये रेझिनचे ओतले तर का फेसाळतात. सगळ्यांचं उत्तर एकच, बुडबुडे ओढून काढायला व्हॅक्यूम पंप घ्या. अहो, पंप नंतर, आधी हवा बघा! पॉलियुरेथेन रेझिनच्या हार्डनरला, म्हणजे ते घट्ट करणाऱ्या द्रवाला, ओलावा लागला की कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोच तुमचा फेस. पंपाने तो कसा थांबणार? काम झाल्याझाल्या बाटलीला घट्ट बूच लावा आणि सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात ठेवा. लाकडी काडीने ढवळू नका, तीही दमट असते. स्टीलचा चमचा बरा. इपॉक्सी रेझिनला फेस येत नाही, पण दमट हवेत वर चिकट पांढुरका थर धरतो. रंगाआधी तो साबणाच्या पाण्याने धुवा.

हीटशील्ड, म्हणजे टोकाचं उपग्रहावरचं आवरण, मुळात ३.२ मीटर व्यासाचं, म्हणजे आपल्याला ४४.४ मिमी. ते एकच लागतं, त्याला साचा कशाला? सावंतवाडीला लाकडी खेळणी करणाऱ्या काताऱ्याकडून कातून घ्या. साचा फक्त सहा बूस्टरांसाठी. त्यांचा मास्टर (ज्यावरून साचा घेतात तो मूळ नमुना) लाकडाचा असेल तर छिद्रं बुजवणाऱ्या सँडिंग सीलरचे हात द्या, नाहीतर साच्याचं सिलिकॉन लाकडाच्या रेषांत शिरून बसतं. सिलिकॉन प्लॅटिनम प्रकारचं असेल तर गंधकवाली मॉडेलिंगची माती लांब ठेवा, तिला लागलेला सिलिकॉनचा भाग चिकटच राहतो.

आणि मॉडेल उडवणार असाल तर नोझल (शेपटीकडची झोताची तोंडं) भरीव रेझिनची नकोत. शेपटीला वजन वाढलं की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि मॉडेल भरकटतं. मूळ रॉकेटला पंख नाहीत, त्यामुळे सरळ उडायला मॉडेलला पारदर्शक अॅक्रिलिकचे लावावे लागतीलच.