राहुल गांधींचे तीन मुद्दे : जीएसटी, अग्निवीर, मतदार यादी. तुम्हाला कुठला पटतो?

सूतवाला, इचलकरंजी
लोकसभेत दहा वर्षं अधिकृत विरोधी पक्षनेताच नव्हता, जून २०२४ पासून राहुल गांधी आहेत. त्यांच्यावर घरात रोज वाद होतो, पण माणूस आवडतो की नाही यावरच सगळे भांडतात, मुद्द्यावर कोणी बोलतच नाही, म्हणून इथं टाकतोय.

माझं मत सांगतो. टॅक्सवर ते बरोबर होते. २०१७ ला त्यांनी जीएसटीला गब्बर सिंग टॅक्स म्हटलं तेव्हा लोक हसले, पण १८ टक्क्यांच्या वर कर नको असं ते तेव्हाच म्हणत होते. आमच्या धंद्यात सिंथेटिक सुतावर १२ टक्के आणि कापडावर ५, म्हणजे भरलेला कर वसूलच होईना, क्रेडिट नुसतं साचत गेलं. ऑगस्ट २०१८ पर्यंत कापडाला त्याचा परतावाच नव्हता आणि तोवर साचलेलं लॅप्स. सुताचा दर ५ वर आला सप्टेंबर २०२५ ला. आठ वर्षं गेली हो, तेवढ्यात किती जणांनी माग भंगारात विकले ते आमच्या गावाला विचारा.

पण मला सगळ्यात मोठा मुद्दा मतदार यादीचा वाटतो. २०१९ ते २०२४ पाच वर्षांत महाराष्ट्रात ३२ लाख मतदार वाढले आणि लोकसभेनंतर विधानसभेपर्यंत पाच महिन्यांत ३९ लाख, हा त्यांचा प्रश्न. याचं नीट उत्तर मिळायला नको का?

हिशेबवही, पुणे
टॅक्सबद्दल अजिबात पटलं नाही. मी जीएसटीचे रिटर्न भरून देतो, लोकांचे हाल रोज बघतो, त्यामुळे त्रास नव्हता असं म्हणणार नाही. पण जीएसटीची घोषणा २००६ च्या बजेटमध्ये काँग्रेसचे तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम यांनी केली, २०११ ला घटनादुरुस्ती विधेयक काँग्रेसच्या यूपीए सरकारनेच आणलं आणि तेव्हा भाजपच्या राज्यांनी, गुजरातसकट, अडवलं. दोन्ही बाजूंनी जागा बदलल्या की भाषा बदलली. आणि दर ठरवते जीएसटी कौन्सिल, तिथं केंद्राचं वजन एक तृतीयांश, राज्यांचं दोन तृतीयांश, निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. काँग्रेसच्या राज्यांचे मंत्री पण तिथंच बसतात ना. तुमच्या सुताचा प्रश्न त्यांनी किती लावून धरला हे विचारा की. पेट्रोल-डिझेल जीएसटीत आणा म्हटलं तर कुठलंच राज्य तयार होत नाही.

सूतवाला
कौन्सिलचं मान्य, काँग्रेसच्या मंत्र्यांना पण विचारलंच पाहिजे. पण घाईघाईत चार-चार दर लावून सुरुवात केली कोणी? त्याची किंमत छोट्याने भरली, मोठ्या गिरणीला फरक पडला नाही.

फौजीची बहीण, सातारा
माझा भाऊ अग्निवीर आहे म्हणून लिहितेय. फौजेत चार वर्षं, नंतर शंभरातले पंचवीसच कायम, बाकीच्यांना साधारण पावणेबारा लाख रुपये आणि घरी. पहिल्या बॅचची चार वर्षं भरायचं साल २०२६-२७, आणि आई पहिल्यापासूनच बोटं मोजतेय. आमच्याकडं अपशिंग्यासारखी गावं आहेत, पिढ्यान्‌पिढ्या घरातला एक तरी फौजेत, तिथं मुलं पहाटे पळायची आता तशी पळत नाहीत.

पण राहुल गांधींवर मला राग पण आहे. जुलै २०२४ ला त्यांनी संसदेत शहीद अग्निवीराच्या घरच्यांना मदत मिळाली नाही असं म्हटलं आणि लष्कराने ९८ लाख दिल्याचं लगेच जाहीर केलं. एक रकमेचा मुद्दा चुकला आणि खरा प्रश्न बाजूलाच राहिला, की त्याच्या घरच्यांना नेहमीच्या जवानासारखी पेन्शन नाही. बुलढाण्याचा पोरगा ऑक्टोबर २०२३ ला सियाचीनमध्ये गेला, थंडी काय त्याला अग्निवीर म्हणून कमी वाजली होती?

रिटायर्ड हवालदार
ताई, भावाला सलाम. पण फौज तरुण पाहिजे हे मी डोंगरावर चढून सांगतो. कारगिलनंतरच्या समितीने पण नोकरी सात ते दहा वर्षांची करा असं सुचवलं होतं. चार कमीच आहेत, वाढवा, पंचवीसचे पन्नास टक्के करा, पेन्शनवर पण बोला, मी तुमच्या बाजूने आहे. मात्र सीमेबद्दल बोलताना विरोधी नेत्याने तोलून बोलावं. चीनने दोन हजार चौरस किलोमीटर घेतलं या विधानावर ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने पण कशाच्या आधारावर म्हणून विचारलं. गलवानला वीस जवान गेले, तो विषय असा नाही.

फौजीची बहीण
तोलून बोलावं हे मान्य. पण विचारूच नये असं नको. गलवानवर संसदेत सविस्तर चर्चा झाली असती तर आम्हाला पण कळलं असतं.

माजी बीएलओ, चंद्रपूर जिल्हा
मी शिक्षक, बरीच वर्षं बीएलओचं, म्हणजे बूथची मतदार यादी सांभाळायचं, काम केलंय, त्यामुळे यादीवर जरा लांब लिहितो. आकडा वाढला म्हणजे चोरी झाली असं नसतं. लोकसभेनंतर नोंदणीची मोहीम असते, पोरं अठरा वर्षांची होतात, पक्षांचे कार्यकर्ते गठ्ठ्याने फॉर्म आणतात. निवडणूक आयोग म्हणतो की यादीवर सगळ्या राज्यातून ८९ अपील आली आणि वर फक्त एक गेलं, मग पक्षांचे बूथ एजंट तेव्हा काय करत होते? हा प्रश्न काँग्रेसला टोचला पाहिजे.

दुबार नावं मात्र ढीगभर आहेत आणि त्याचं साधं कारण आहे. ऑगस्ट २०२२ पर्यंत माणूस दुसऱ्या मतदारसंघात गेला की नव्या नोंदणीचा फॉर्म ६ भरायचा, जुनं नाव कोणी काढलं नाही की तिथंच राहायचं. मयताचं नाव काढायला फॉर्म ७ लागतो, घरचे देत नाहीत, आणि आम्ही शाळा सांभाळून दारोदार फिरणार किती.

आता आमच्याच जिल्ह्यातलं राजुरा. राहुल गांधी म्हणाले ६,८५० नावं ऑनलाइन घुसवली. आयोगाचं म्हणणं, ७,७९२ अर्ज आले, ६,८६१ खोटे निघाले म्हणून नाकारले आणि एफआयआर पण केला. म्हणजे यंत्रणेने पकडलं. पण इतके खोटे अर्ज भरले कोणी, कुठून, हे लोकांसमोर आलं पाहिजे, इथं मी पूर्ण त्यांच्या बाजूने आहे. आणि कॉम्प्युटरवर शोधता येईल अशी यादी देत नाहीत हे तर मला कधीच पटलं नाही. २०१८ ला काँग्रेसचे कमलनाथ त्यासाठी कोर्टात गेले होते, कोर्टाने मागणी मान्य केली नाही. पण कोर्टाने सक्ती केली नाही म्हणून आयोगाने देऊच नये असं थोडंच आहे? कागदाचे गठ्ठे मोजत बसायचं, मग दुबार नाव सापडणार कसं?

हिशेबवही
गुरुजींचं पटलं. पण मग राहुल गांधींचा मत चोरी हा शब्द का? तुम्ही स्वतःच म्हणताय बरंचसं ढिलाई आहे. असा शब्द वापरला की साध्या माणसाचा मतदानावरचा विश्वास उडतो, आमच्या सोसायटीत लोक आता म्हणतात जाऊन उपयोग काय.

सूतवाला
विश्वास शब्दाने नाही उडाला, डिसेंबर २०२४ ला नियम बदलून मतदान केंद्राचं सीसीटीव्ही फुटेज लोकांना मिळणं बंद केलं त्याने उडाला. दाखवायला अडचण काय होती?

गुरुजी, एक विचारतो. माझ्या वडिलांना जाऊन तीन वर्षं झाली, गेल्या वेळी स्लिपवर त्यांचं नाव होतंच. काय करायचं?

माजी बीएलओ, चंद्रपूर जिल्हा
फॉर्म ७ भरा, सोबत मृत्यू दाखला जोडा, तुमच्या बूथच्या बीएलओकडे द्या आणि पोच घ्या. ऑनलाइन पण होतं. आणि तुमचं किंवा घरात कुणाचं जुन्या पत्त्यावर नाव राहिलंय का ते पण बघून घ्या, आता पत्ता बदलला की फॉर्म ८, फॉर्म ६ नाही.