मदत हवी आहे: दादा ब्रिटनमध्ये लेस्टरला, धाकटा भाऊ फ्रान्समध्ये कॅलेत. ब्रेक्झिटनंतर धाकट्याला इकडे आणायचा कुठला मार्ग उरलाय?

नमस्कार मंडळी,

लेस्टरमध्ये आम्ही काही जण शनिवारी निर्वासितांना इंग्रजी शिकवतो. त्यांच्यातला एक दारफुरचा, सुदानी. त्याला इथे निर्वासित दर्जा मिळालाय, गोदामात नोकरी करतो. आईवडील गेले. सोळा वर्षांचा भाऊ कॅलेजवळ तंबूत राहतोय आणि रबरी बोटीने समुद्र ओलांडून इकडे यायचं म्हणतोय, म्हणून घाई. (निर्वासित घ्यावेत की नाही, हा वाद कृपया वेगळ्या धाग्यावर.)

पूर्वी डब्लिन-३ नियम होता, म्हणजे आश्रयाचा अर्ज कुठल्या देशाने हाताळायचा हे ठरवणारा युरोपीय संघाचा नियम. एकट्या अल्पवयीन मुलाने फ्रान्समध्ये आश्रय मागितला आणि त्याचा भाऊ, मामा किंवा आजी ब्रिटनमध्ये कायदेशीर राहत असेल, तर प्रकरण ब्रिटनकडे वर्ग करता येई. ३१ डिसेंबर २०२० ला ते संपलं. निर्वासिताने कुटुंब बोलावण्याच्या ब्रिटनच्या स्वतःच्या नियमात फक्त जोडीदार आणि १८ च्या आतली मुलं बसायची, भाऊ कधीच नाही; ४ सप्टेंबर २०२५ ला त्याचेही नवे अर्ज थांबवले.

मग राहतो तो पालक नसलेल्या नातेवाइकाकडे येणाऱ्या मुलाचा व्हिसा. त्याला फी आहे, सरकारी मदतीशिवाय सांभाळण्याची ऐपत दाखवायची, शिवाय 'गंभीर आणि सबळ' परिस्थिती. तंबूतलं पोर गंभीर नाही तर काय? पण 'फ्रान्स सुरक्षित देश आहे, तिथेच आश्रय माग' असं उत्तर येईल, ही धास्ती आहे.

कुणी असा अर्ज जवळून पाहिलाय का? जन्मदाखले नाहीत, डीएनए चाचणीवर भागतं का? आणि हा तिघांबरोबर एका घरात भाड्याने राहतो, स्वतःची एकच खोली. ती जागा चालेल का?

प्रतिसाद:
ताई, आधी एक. तिथे नोंदणी नसलेल्याने फुकटसुद्धा इमिग्रेशनचा सल्ला देणं गुन्हा आहे, तेव्हा अर्ज तुम्ही भरून देऊ नका. वकील गाठा आणि 'एक्सेप्शनल केस फंडिंग' (खास प्रकरणात वकिलाच्या खर्चासाठी मिळणारी सरकारी मदत) मागता येईल का ते पहिल्याच भेटीत विचारा. जागेचं म्हणाल तर घरमालकाचं संमतिपत्र आणि खोल्यांचा तपशील आत्ताच गोळा करायला लागा. अर्जाच्या दिवशी मुलगा १८ च्या आत हवा. फ्रान्समध्ये त्याचं वय कुठे नोंदलंय का आणि काय नोंदलंय, हे त्याला आजच विचारा. दोन कागदांवर दोन वयं निघाली तर सगळं तिथेच अडतं.

धागाकर्ती:
विचारलं. इटलीत १९ लिहून घेतलंय म्हणे. आता?