मदत हवी आहे: पाडव्याला बायकोला काय देऊ? (कोंबड्या, परसबाग, बियाणं यात रमणारी आहे)

नमस्कार मंडळी, आम्ही पाचगावला राहतो, घरामागं दोन गुंठे जागा आहे आणि गेल्या तीन वर्षांत तिथं जे काय उगवलंय ते सगळं बायकोच्या हातचं. दोडका, घेवडा, वांगी, कडेला शेवगा, कोंबड्या, केळीजवळ खताचा खड्डा. नोकरीवरनं आली की चहा पण न घेता मागं जाते, मी म्हटलं जरा बस की, तर म्हणते "बसतो की, एवढा वाफा भिजवतो न् बसतो" (आमच्या कोल्हापुरात बायका असंच बोलतात, बाहेरच्यांना नवल वाटतं). दिवाळीच्या पाडव्याला ती ओवाळंल तेव्हा ताटात तिच्या मनातलं काहीतरी पडावं असं लय वाटतंय. बजेट आठ-दहा हजार.

गेल्या पाडव्याला गुजरीतल्या सराफाकडनं चांदीवर सोन्याचं पाणी दिलेला साज घेतला. आवडला तिला, पण घातला दोनदाच. आणि पुढच्याच आठवड्यात मी ओळखीच्या गोठ्यातनं चार पोती कुजलेलं शेणखत आणून टाकलं तर "अहो, तुम्हाला कसं कळलं संपलंय ते" म्हणत दिवसभर खूश. तेव्हापासनं डोक्यात आहे की तिच्या कामात मी लक्ष घातलंय हे तिला दिसलं की तिला बरं वाटतं.

पहिला विचार खुराड्याचा. ह्या पावसाळ्यात उजाडता उजाडता मुंगूस आत शिरलं. आठातल्या दोन गेल्या, त्यातली एक खुडूक बसवलेली होती, खाली अकरा अंडी, पिल्लं निघायच्या एकविसाव्या दिवसाला चारच दिवस राहिलेले. बायको त्या गार अंड्यांजवळ बराच वेळ उकिडवी बसून होती, मला काय बोलावं कळंना. आमची जाळी ती नेहमीची षटकोनी, ती कोंबड्या आत ठेवायला ठीक, पण मुंगूस-कुत्र्यापुढं टिकत नाही. म्हणून उद्यमनगरात अँगलचं 4 बाय 4 फुटाचं करून घ्यायचं म्हणतोय, सगळीकडनं अर्धा इंची वेल्डची जाळी, आत बसायला दांडी, अंड्यांना दोन खण, आणि जाळी खाली फूटभर मातीत पुरायची म्हणजे उकरून येणार नाही. सहा कोंबड्यांना रात्रीपुरती एवढी जागा बास होईल ना? आणि हे गुपचूप करू का तिला विचारून? दार कुठल्या बाजूला, अंडी कुठनं काढायची हे तिचं तिलाच माहीत, चुकलं तर रोज तिलाच वाकावं लागणार.

मित्र म्हणतोय गांडूळखताचा तयार बेड घे, 12 बाय 4 चा. मला पटत नाही. घरी जनावर नाही, तेवढा बेड भरायला शेण कुठनं आणायचं, म्हणजे भेट देऊन तिचं काम वाढवल्यासारखंच.

दुसरं म्हणजे बियाणं. ती घेवड्याचं, दोडक्याचं, काकडीचं बी राखंत घोळवून पेपरच्या पुड्यांत ठेवते, वर पेन्सिलनं लिहिलेलं, त्यातल्या निम्म्या पुड्या यंदा उंदरानं फोडल्या. लाकडी पेटी, आत खण, काचंच्या घट्ट झाकणाच्या बाटल्या, प्रत्येकीवर मी माझ्या हातानं नाव आणि साल लिहिणार. पण काचंत बी कोंदट होऊन बुरशी धरतंय का? खडखडीत वाळवून भरलं तर चालंल असं वाटतंय, कुणी केलं असेल तर सांगा.

आणि शेवटची गोष्ट सगळ्यात लहान, पण माझा जीव तिच्यातच अडकलाय. तिच्याकडं एक खुरपं आहे, तिच्या आईचं. पातं झिजून बोटभर राहिलंय, मूठ चिरलेली, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. मी ऑनलाइन बागकामाचा सेट मागवला होता, महिन्यात त्याचं पातं मुठीतनं निसटलं. ती परत त्याच खुरप्यावर, आणि तळहाताला अंगठ्याखाली कायम फोड. त्याला बाभळीची नवी मूठ बसवायची आणि पात्याला धार लावून घ्यायची आहे, पातं मात्र बदलायचं नाही, आईचंच राहिलं पाहिजे. शहरात नाहीतर कळंबा-पाचगाव बाजूला असं जुनं काम जपून करणारा लोहार कुणाच्या माहितीत आहे का? आणि किती वेळ लागतो ते पण सांगा, कारण खुरपं ती रोज वापरते, फक्त रविवारी दुपारी माहेरी जाते, तेवढ्या तीन-चार तासांत होऊन परत जाग्यावर ठेवता आलं पाहिजे.