सर्व्हर बंद करायचा तर कमांड की बटण? मत द्या, कारणासकट

कुपवाडकर (धागाकर्ता)
सांगलीत हळदीच्या अडतीचं ऑफिस. उबुंटूचा (लिनक्सचा एक प्रकार) एक सर्व्हर, त्यावर शेतकऱ्यांच्या पट्ट्या, खतावणी, बॅकअप, सगळंच. संध्याकाळी जो शेवटी निघेल तो सर्व्हर बंद करतो, आणि कसा बंद करायचा यावरून आमच्यात सरळ दोन तट पडलेत.

माझं मत : ज्या मशीनवर चार माणसं काम करतात ते बटणाने बंद करू नये. 'सुडो शटडाउन -एच +१०' द्यावी. (सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, -एच म्हणजे बंद, +१० म्हणजे दहा मिनिटांनी. इथे देवनागरीत लिहिलंय, टाइप रोमनमध्येच करायचं.) दहा मिनिटांची मुदत मिळते, टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) बसलेल्यांना सूचना जाते, शेवटच्या पाच मिनिटांत नवीन लॉगिन घेतलं जात नाही. मध्येच कुणी ओरडलं तर 'शटडाउन -सी' दिली की रद्द. वेळ लिहायला विसरलात तरी सिस्टमडी (मागे चालणारे प्रोग्रॅम, म्हणजे सेवा, चालू-बंद करणारी लिनक्सची यंत्रणा) एक मिनिट थांबते. बटणात यातलं काय आहे?

मिरज_जंक्शन
बटणाची उगाच बदनामी चाललीय. बटण एकदा दाबून सोडलं तर वीज तुटत नाही, मशीनला फक्त इशारा जातो. सिस्टमडी तो इशारा घेऊन पॉवरऑफच सुरू करते, म्हणजे तुमच्या कमांडचाच रस्ता. सेवा थांबवणं, डिस्कवर लिहिणं, फाइलसिस्टम (डिस्कवर फाइली ठेवायची रचना) अनमाउंट करणं म्हणजे नीट सोडवणं, सगळं होतं. घातक आहे ते चार सेकंद किंवा जास्त दाबून धरणं. ते वेगळं आणि हे वेगळं. फक्त डेस्कटॉप चालू असेल तर तो मध्ये पडतो, विचारत बसतो किंवा झोपवतो. तुमच्या सर्व्हरवर डेस्कटॉप नसेल तर काळजी कसली?

गल्लीतला_इंजिनिअर
आवं, दिवाणजीस्नी कमांड शिकवायची म्हणताय? साठीतला माणूस हाय. पासवर्ड चिठ्ठीवर लिवून मॉनिटरला चिकटवतील, मग सगळ्या यार्डाला सुडो मिळंल. त्यापरीस बटण बरं. दाबलं आन् घरी.

कुपवाडकर
पासवर्डाचं दुखणं सोडवता येतं. सुडोच्या फाइलीत त्या एका युजरला तेवढ्या एकाच कमांडची परवानगी द्यायची, पासवर्डाशिवाय. बाकी काही चालणार नाही.

@मिरज_जंक्शन, दाबून सोडलं तर ठीक, हे मान्य. पण लोक सोडतात कुठे? पडद्यावर 'ए स्टॉप जॉब इज रनिंग' येतं, आकडे पळायला लागतात, माणसाला वाटतं मशीन अडकलं. खरं तर एखादी सेवा थांबायला तयार नसते. सिस्टमडी आधी तिला सभ्यपणे थांब म्हणते, साधारण ९० सेकंद वाट बघते आणि मग जबरदस्तीने मारते. त्या दीड मिनिटात बोट बटणावर असलं की ते दाबून धरलं जातंच. कमांड देणारा माणूस निदान कीबोर्डवर असतो.

मिरज_जंक्शन
कीबोर्डवर असला म्हणून बटण लांब जात नाही, साहेब. दीड मिनिट थांबायचं हे दोन्हीकडे शिकवावंच लागणार.

डेटाबेसवाला
मी तिसराच सूर लावतो. एवढं घाबरायचं कारणच काय? एक्स्ट-४ या लिनक्सच्या फाइलसिस्टमला जर्नल (बदलांची नोंदवही) आहे, डेटाबेसमध्ये पोस्टग्रेस काय किंवा इनोडीबी काय, बदल आधी लॉगमध्ये लिहितात आणि पुन्हा सुरू होताना तो लॉग वाचून उभे राहतात. वीज अचानक जाणार हे गृहीत धरूनच बांधलेल्या गोष्टी आहेत या. ज्याचा डेटा वायर उपटल्यावर टिकत नाही त्याचा पाया कच्चा, मग रोज कितीही सांभाळून बंद करा.

विश्रामबाग_आयटी
@डेटाबेसवाला, डेटाबेसपुरतं बरोबर. पण अडतीच्या ऑफिसात डेटाबेस हा निम्माच कारभार. उरलेला म्हणजे एक्सेलच्या फाइली आणि यूएसबी डिस्कवरचा बॅकअप. एक्स्ट-४ चं जर्नल नेहमीच्या सेटिंगला फाइलसिस्टमची रचना सांभाळतं, तुमच्या फाइलीत शेवटी काय लिहिलं त्याची हमी देत नाही. लिनक्स लिहिलेलं आधी मेमरीत ठेवतं आणि डिस्कवर सावकाश उतरवतं. डिफॉल्टला ३० सेकंदांपर्यंत ते तसंच पडून राहू शकतं. कॉपी 'झाली' असं दिसलं, वीज तुटली, दुसऱ्या दिवशी बॅकअपची फाइल शून्य बाइटची. त्यात डिस्क स्वतःचा कॅशही (तात्पुरता साठा) ठेवते, ती गोष्ट आणखी वेगळी.

म्हणून मी कमांडच्या बाजूचा, पण कारण वेगळं. कमांड जोडता येते. आधी बॅकअपची स्क्रिप्ट, मध्ये दोन अँपरसँड (&&), मग शटडाउन. बॅकअप नीट संपला तरच मशीन बंद, फसला तर चालू राहील आणि सकाळी कळेल. बटणाला 'तरच' हे कळत नाही.

कुपवाडकर
हा मुद्दा माझ्याही डोक्यात नव्हता. आवडला.

तासगावचा_बेदाणा
धागाकर्त्याच्या मुख्य दाव्यालाच हात घालतो. दहा मिनिटांची सूचना जाते कुणाला? फक्त टर्मिनलमधून आत असलेल्यांना. तुमची पट्टी करणारी पोरं ब्राउझरवर असणार किंवा विंडोजवरून शेअर (सर्व्हरवरचं सामायिक फोल्डर) उघडून बसलेली असणार. त्यांच्या पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. म्हणजे ज्या सोयीसाठी तुम्ही कमांड मागताय ती तुमच्याच ऑफिसात पोचत नाही! ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज टाका आणि बटण दाबा, तेवढंच काम होतं.

कुपवाडकर
सूचना ब्राउझरवर जात नाही, बरोबर. पण मुदत आणि रद्द करणं उरतंच ना? ग्रुपवर मेसेज टाकून कमांड द्यायची, मग कुणी 'थांबा, दोन वजनं चढवायची राहिलीत' म्हणालं तर -सी. बटण दाबल्यावर थांबा म्हणून काय उपयोग?

गल्लीतला_इंजिनिअर
आमच्याकडं समदं विंडोज. तिकडं काय?

विश्रामबाग_आयटी
तिकडे मुदतच उलटी फिरते. 'शटडाउन /एस /टी ६००' दिलं की दहा मिनिटांची सूचना पडद्यावर दिसते, '/ए' ने रद्दही होतं. पण /टी शून्यापेक्षा जास्त दिला की /एफ आपोआप धरलं जातं, म्हणजे वेळ संपल्यावर उघडे प्रोग्रॅम न विचारता बंद. सेव्ह न केलेली फाइल गेली. काळजीपोटी मुदत देणाऱ्यालाच हा फटका.

अजून एक. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आला. तो चालू असेल तर मेनूतून शटडाउन केल्यावर कर्नल (विंडोजचा गाभा) पूर्ण बंद होत नाही, डिस्कवर जपून ठेवलं जातं. खरं ताजं सुरू होतं ते रीस्टार्टने, नाहीतर साध्या '/एस' ने. 'रोज बंद करतो तरी प्रिंटर अडकतो' म्हणणाऱ्यांनी हे करून बघावं.

डेटाबेसवाला
कमांडवाल्यांना एक प्रश्न. लांबच्या सर्व्हरला एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करून) जाऊन -आर (रीस्टार्ट) ऐवजी -एच (बंद) मारली तर? तो उठवायला जागेवर माणूस लागतो. आणि दोन खिडक्या उघड्या असल्या की कमांड भलत्याच मशीनला जाते. बटण निदान समोरचंच मशीन बंद करतं.

विश्रामबाग_आयटी
डेबियन-उबुंटूत मॉली-गार्ड नावाचं पॅकेज आहे. एसएसएचमधून बंद करायला गेलात की मशीनचं नाव टाइप करायला लावतं, नाव चुकलं तर काही होत नाही. दोन मिनिटांत बसतं.

आयर्विन_४५
तुम्ही सगळे रोजच्या संध्याकाळचं बोलताय. सांगलीत खरी घाई होते ती पुराच्या दिवसांत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ४० फूट पाणी म्हणजे इशारा, ४५ धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तळमजल्यावरची मशीनं वरच्या मजल्यावर न्यायची असतात, वीज कधी तोडतील भरवसा नाही, आणि ज्याला कमांड येते तो कर्नाळ रोडच्या पलीकडे अडकलेला. त्या वेळी ऑफिसात असेल त्याला जमायला हवं. माझं मत बटणाला : दाबा, सोडा, दिवे विझेपर्यंत थांबा, मग वायर काढा. हे कागदावर लिहून मशीनवर डकवा.

आणि खरं तर माणसावर सोडूच नका. डेटा केबलवाला यूपीएस घ्या, सर्व्हरवर एपीसीयूपीएसडी किंवा नट (यूपीएसवर नजर ठेवणारे प्रोग्रॅम) बसवा. एपीसीयूपीएसडी डिफॉल्टला बॅटरी ५ टक्क्यांवर आली किंवा ३ मिनिटं उरली की स्वतःच शटडाउन देतो. मी ते आकडे वाढवून ठेवतो, कारण जुन्या बॅटरीची ३ मिनिटं म्हणजे निव्वळ अंदाज.

गल्लीतला_इंजिनिअर
आमच्याकडं इन्व्हर्टर हाय. त्येला कुठली केबल?

आयर्विन_४५
बहुतेकांना नसतेच. स्वस्तातल्या यूपीएसलाही नसते. घेताना मागे यूएसबीचं चौकोनी भोक आहे का बघा, दुकानदाराच्या तोंडी हमीवर जाऊ नका.

मिरज_जंक्शन
म्हणजे शेवटी बटणच. मी आधीच म्हणत होतो.

कुपवाडकर
पुरात बटण, मान्य. रोज संध्याकाळी मात्र बॅकअपला जोडलेली कमांडच राहणार, आणि ती दिवाणजींच्या डेस्कटॉपवर एका आयकॉनमागे ठेवतो. यूपीएसची केबल आहे का ते उद्या सौदे संपल्यावर बघून इथेच टाकतो.