कॉपर इतक्यात जात नाही हो

काही जण म्हणतात की डेटा सेंटरमधे सगळ्या केबल्स फायबरच्याच करून टाका, कॉपर म्हणजे तांब्याच्या केबल्स संपल्या. एवढं सरळ नाहीये ते. एकाच रॅकमधे, म्हणजे सर्व्हरच्या कपाटात, सर्व्हरपासून त्यांना जोडणाऱ्या स्विचपर्यंत जेमतेम दोन मीटर अंतर, तिथे पॅसिव्ह डॅक (दोन्ही टोकांना प्लग असलेली साधी कॉपर केबल) लावली की ती वीज जवळपास खातच नाही, उलट फायबरसाठी विजेचा सिग्नल प्रकाशात बदलणाऱ्या ४०० जीच्या (सेकंदाला ४०० गिगाबिट) ऑप्टिकल मॉड्यूलला प्रत्येक टोकाला ८-१० वॅट सहज लागतात, वर ती उष्णता बाहेर काढायची ते वेगळंच. एनव्हिडियाच्या २०२४ च्या एनव्हीएल७२ या ७२ जीपीयूंच्या (एआयच्या चिप्सच्या) रॅकमधेही आत ५००० च्या वर कॉपर केबल्स आहेत! खरी बोंब लांबीची, केबलमधल्या एका लेनला (डेटाच्या एका वाटेला) २५ जी वेग होता तेव्हा ५ मीटर चालायचं, १०० जीला २ मीटरवर आलं. आणि जाडी... २६ गेजच्या (जाड तारेच्या) केबल्सचा जुडगा मागे वळवायला गेलं की वळतच नाही मेला, रॅकचं दार लावताना घाम फुटतो.